पिंपळदऱ्याचं वाण

तळेवस्ती, ता. श्रीगोंदा
२० नोव्हेंबर २०२२

चि. अश्विनीस मामीचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझे मामा सकाळी लिंबाच्या बागेत आणि संध्याकाळी पारावर, म्हणजे जागच्या जागी. माझा कान मात्र आणखी थोडा गेला. फोनवर तू काय बोलतेस ते कळत नाही आणि मी नुसती 'हो, हो' म्हणत राहते. मागच्या खेपेला तू ताप आहे का विचारलंस, त्यालाही मी हो म्हणाले आणि तुझी आई रात्रभर जागी. म्हणून हे पत्र. कागदावरचं मला अजून चांगलं ऐकू येतं.

भांडायला लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते.

काष्टीला बायांच्या लहान धंद्यांसाठी सल्ला केंद्र निघालंय, हे तुला मी काय सांगायचं. तिथली एक मुलगी गावोगाव जाऊन पापड, चटण्या, लोणची करणाऱ्या बायांना शिकवणार. माल टिकवायचा कसा, भाव लावायचा कसा, गिऱ्हाईक कुठं शोधायचं. त्याच्या आधी रेश्मा नावाची पोरगी कागद घेऊन आमच्या ओट्यावर बसली. माझ्या लिंबाच्या लोणच्याबद्दल तिनं इतकं खोदून विचारलं, की माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या बापानं तुझ्या मामांबद्दल तेवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळं खरं सांगितलं. लोणचं काळं पडतं. झाकणातून तेल गळतं. आणि निम्म्या बाटल्या पाहुणेच पिशवीत घालून नेतात, 'घरचंच आहे' म्हणून.

मग म्हणे गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली माझ्या माहेरची, पिंपळदऱ्याची. तळेवस्ती राहिली. म्हणजे माझी भावजय छबू शिकणार आणि मी तिच्या तोंडाकडे बघणार. त्यात रेश्मा जाता जाता म्हणाली, ही सगळी पाहणी पुण्याच्या संस्थेची आणि त्यात अश्विनी मॅडम आहेत. अगं, याच लोणच्याशी भाकरी खाऊन तुझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. मामीसाठी एक चिठ्ठी इकडची तिकडे करता आली नाही?

छबू काय म्हणाली ते ऐक. "वन्सं, तुमच्या भाचीनं तुमाला सोडलं अन् आमाला धरलं. लई मोठ्या मनाची हाय बगा पोरगी." आता तूच सांग मी तिला काय उत्तर देऊ.

तुझी मामी
बनुबाई


पुणे
२८ नोव्हेंबर २०२२

ती. सौ. मामीस सा. न.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. पण मामी, इकडची तिकडे करता येत नाही म्हणूनच तर चिठ्ठी टाकतात.

मामा नवीन खत आणतात तेव्हा सगळ्या बागेला एकदम घालत नाहीत. एका ओळीला घालतात, शेजारची तशीच ठेवतात. नाहीतर फळ वाढलं ते खतानं की पावसानं, हे कळायचं कसं? तळेवस्ती ही ती तशीच ठेवलेली ओळ आहे. आणि ज्यांना हौस आहे त्यांनाच शिकवलं असतं तर तुम्ही पहिल्या धावत आला असता. तुमचा धंदा वाढलाही असता. पण तो शिकवण्यामुळे वाढला की तुमच्या मुळातल्या जिद्दीमुळे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. चिठ्ठीला हौस, नातं, ओळख काही कळत नाही, तेच तिचं बरं आहे.

हे सगळं कशासाठी तेही सांगते. केंद्राला पैसे देणाऱ्यांना एवढंच हवंय, की शिकवल्यानं बायांचे धंदे खरंच वाढतात का. वाढत असतील तर जिल्हाभर अशी केंद्रं निघतील. नसतील तर काष्टीचंही बंद होईल. तिथली यशोधरा काष्टीचीच आहे, स्कूटीवर गावोगाव हिंडते, आणि तिचा या कामावर फार जीव आहे. म्हणून उत्तर खरं यायला हवं.

माझी मामी या पाहणीत आहे हे मी आमच्या आदिनाथ सरांना सांगून टाकलंय. तळेवस्तीचे कागद माझ्याकडे येणार नाहीत. आता तुमच्याकडून एक शब्द हवा. पाहणी होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, यशोधराला काही विचारायचं नाही. आणि आपण दोघींनी लोणच्याचा विषय काढायचा नाही. ओळ तशीच राहू दे.

तुमची
अश्विनी


तळेवस्ती
१२ डिसेंबर २०२२

चि. अश्विनीस आशीर्वाद.

तुझं पत्र मामांना वाचून दाखवलं. तेव्हापासून ते मला 'ओळ' म्हणतात. "ए ओळ, च्या ठिव की." मी पण ठेवते, करते काय.

समजूत पटली असं म्हणणार नाही, पण शब्द दिला. आणि दिला तो पाळते, हे तुला लगेच सांगते. परवा बाजारच्या दिवशी काष्टीला गेले होते. समोरून तीच यशोधरा आली. मी तिला रेश्माबरोबर एकदा पाहिलं होतं. तोंडभर हसली आणि म्हणाली, "नमस्कार मावशी, तुमचं लोणचं..." पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी मी ऐकलं नसतं. लोणचं म्हटल्याबरोबर मी तोंड फिरवलं आणि सरळ वांग्यांच्या ढिगाकडे चालू लागले. पोरगी जरा थबकली. पण शब्द म्हणजे शब्द.

लोणच्याचा विषय नाही, म्हणून आता लिहायला काही उरलंच नाही बघ. म्हैस व्यायली. रेडकू आहे.

मामी


पुणे
२ जानेवारी २०२३

ती. सौ. मामीस सा. न.

तोंड फिरवायची काही गरज नव्हती हो! पण तुमचं वांग्यांच्या ढिगाकडे जाणं डोळ्यांपुढं आलं आणि हसू आवरेना. तुमच्यासारखी माणसं पाहणीत असतील तर आम्हाला काळजीच नाही.

विषय हवा असेल तर देते. त्या रेश्माचं लग्न ठरलंय. तिला नव्यातले उखाणे हवे आहेत, ते 'चांदीच्या ताटातले' ऐकून ऐकून कंटाळा आला म्हणते. संक्रांतीला तुम्ही माहेरी जाल, तुमच्याकडे हळदीकुंकू होईल. चांगले ऐकलेत तर लिहून पाठवा.

तुमची
अश्विनी


तळेवस्ती
३० जानेवारी २०२३

चि. अश्विनीस आशीर्वाद.

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं आटोपली, आता बसले लिहायला. उखाणे मला ऐकू येतात गं. बाकीचं जग पुटपुटतं, पण बाई नाव घेते ती ठसक्यात घेते, आणि सगळ्या मिळून परत म्हणायला लावतात.

पिंपळदऱ्याला छबूकडे गेले होते. यंदा तिनं वाण काय लुटलं माहीत आहे? स्टीलची वाटी, आत खिळ्यानं ओढलेली एक रेघ. रेघेपर्यंत मीठ, किलोभर लिंबाला. मी म्हटलं, अगं मीठ काय वाटीनं मोजून घालतात? हाताला अंदाज नाही का? तर म्हणाली, "तुमच्या हाताला अंदाज असंल, पर बरनीला न्हाई ना." वाटी मात्र बरी आहे. आणि वाण नको म्हणायचं नसतं, म्हणून घेतली. तिनं नाव घेतलं ते हे:

लिंबू पुसलं कोरडं, मीठ घातलं मापून,
रामहरीरावांचं नाव घेते, बरणी ठेवते झाकून.

आमचा रामहरी दादा दाराआड ऐकत होता, लाजून गोठ्यात पळाला. मग तिच्या शेजारच्या सुनेनं घेतलं:

तेल धरलं, तिखट धरलं, धरली हाताची मजुरी,
बजरंगरावांचं नाव घेते, फुकटच्या बाटलीला नाही मंजुरी.

हे मला फार आवडलं. घरी येऊन मी माझ्या हळदीकुंकवाला तेच घेतलं, फक्त नवरा माझा घातला. बाया हसून लोटपोट. वाणही तसंच रेघेच्या वाटीचं केलं, श्रीगोंद्याहून आणून. कुणी विचारलं मजुरी धरायची म्हणजे काय, तर मी आपलं छबूनं सांगितलं तसं सांगितलं. माझंही एक जुळलं:

बाटलीवर तारीख घातली, झाकणाखाली रबर,
रंगनाथरावांचं नाव घेते, पुण्याच्या भाचीला द्या खबर.

लोणच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून फक्त वाणाबद्दल लिहिलं. यशोधराच्या वाटेला गेलेले नाही.

मामी


पुणे
१० फेब्रुवारी २०२३

ती. सौ. मामीस सा. न.

उखाणे पोचले. मजुरी-मंजुरीवर सगळं ऑफिस हसलं. रेश्मानं तोच पाठ केलाय, सासरी जाऊन पहिल्याच दिवशी नवऱ्याला फुकटच्या बाटलीची मंजुरी नाकारणार आहे. आदिनाथ सरांनाही वाचून दाखवले. ते म्हणाले, हल्ली बायका उखाण्यातसुद्धा धंदा आणतात, काळ बदलला.

तुम्ही लोणच्याचा विषय काढला नाहीत याबद्दल शाबासकी. असंच दीड-पावणेदोन वर्षं. मी मध्ये फारसं लिहिणार नाही, कारण मलाच मोह होईल विचारायचा.

तुमची
अश्विनी


पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मामीस सा. न.

पत्त्यावर आता अहिल्यानगर लिहायला शिकले. इतक्या दिवसांनी लिहिते आहे आणि बातमी चांगली नाही.

पाहणी संपली. यशोधराच्या गावांतल्या बायांची विक्री वाढली, चांगली वाढली. पण ज्या गावांना काहीच शिकवलं नव्हतं त्यांचीही जवळजवळ तेवढीच वाढली. मग याचा अर्थ लोक काय काढणार? की पाऊसपाणी बरं झालं, बाजार बरा होता, बाया आपसूकच पुढं गेल्या. यशोधरा असती काय आणि नसती काय. आम्ही शिकवणी न मिळालेल्या प्रत्येक बाईला विचारलं होतं, कुणाकडून सल्ला किंवा प्रशिक्षण घेतलं का. सगळ्या नाही म्हणाल्या. मार्चअखेर केंद्र बंद करायचं असं ठरतंय.

तिला ते सांगायला मीच काष्टीला गेले होते. ती मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी नुसतं पेट्रोल जाळलं." मी काहीतरी सांत्वनाचं बोलले. तेव्हा ती म्हणाली, बाहेरच्या गावांतल्या बाया तर मला बघून तोंड फिरवायच्या. तळेवस्तीच्या लोणच्याच्या बनुबाई, भर बाजारात. कारण मला माहीत आहे, म्हणाली. आमच्या आजीनं सोसलं, आईनं सोसलं, मलाही सवय आहे.

मामी, मी तिथं गप्प बसले. त्या माझ्या मामी आहेत आणि तोंड फिरवायला कारण मी आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. मला लाज वाटली. ते तुमचं वांग्यांच्या ढिगाकडे जाणं मी हसत हसत वाचलं होतं.

आता लोणच्यावर बोलायला आपण मोकळ्या आहोत. पण बोलावंसंच वाटत नाही.

तुमची
अश्विनी


तळेवस्ती
२७ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मला भाकरी गोड लागेना. माझ्या मनात नसलेलं पाप माझ्या नावावर दोन वर्षं चढत होतं आणि मी इकडे शब्द पाळल्याच्या फुशारकीत होते. तुझे मामा म्हणाले, "आता हितं बसून रडून काय हुनार? गाडी काढतो, चल." दुसऱ्या दिवशी आम्ही काष्टीला केंद्रावर गेलो. हात हलवत कसं जायचं म्हणून लोणच्याची बाटली घेतली.

यशोधरा मला बघून उभी राहिली, पण हसली नाही. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या म्हटलं, "पोरी, मी तुला बघून तोंड फिरवलं ते तुझ्या जातीमुळं नाही. अश्विनी माझी भाची. तिनं शब्द घेतला होता तुझ्याशी लोणच्याचं बोलायचं नाही म्हणून." ती मग माझ्या कानाशी आली आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "मावशी, मला कसं कळावं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं."

खरं आहे गं तिचं. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

मग तिनं बाटली उचलली. उलटी केली, तेल गळत नाही बघितलं. झाकण उघडून रबर बघितलं. तारीख वाचली. आणि एकदम विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही, आमच्याकडे आता सगळ्याच बाया असं करतात. "मीठ?" म्हटलं, रेघेच्या वाटीनं. "भाव कसा लावता?" मी उखाणाच म्हणून दाखवला, तेल धरलं, तिखट धरलं, धरली हाताची मजुरी. तिनं बाटली खाली ठेवली. म्हणाली, "हाताची मजुरी धरा, हे मी पिंपळदऱ्याच्या शाळेत पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. मावशी, ही रेघेची वाटी माझी आहे." हसते आहे की रडते आहे, मला कळेना.

मी चिडूनच विचारलं, मग तुझ्यामुळे काही फरक पडला नाही असं पुण्याची माणसं कशावरून म्हणतात? माझं लोणचं आता काळं पडत नाही. दोन लेकुरवाळ्या माझ्याकडे कामाला येतात. पाहुणे फुकट बाटली मागत नाहीत, मागितली तर मी नाव घेते. आमच्या सगळ्या वस्तीचं असंच आहे. तर ती म्हणाली, "तुम्ही रेश्माला सांगितलंत ना, सल्ला घेतला नाही म्हणून?"

मी खरंच सांगितलं होतं, अश्विनी. तुम्ही विचारलंत सल्ला घेतला का. सल्ला घेतला नाही. वाण घेतलं. वाणाला कुणी सल्ला म्हणतं का? आता तूच बघ काय करायचं ते. त्या पोरीचं केंद्र बंद पडता कामा नये.

मामी


पुणे
५ डिसेंबर २०२४

ती. सौ. मामीस सा. न.

तुमचं पत्र वाचलं आणि जिन्यातच बसले. मामी, हे सगळं तुम्ही मला तेव्हाच लिहिलं होतं, वाटी, रेघ आणि उखाण्यांसकट. मी ते रेश्माच्या लग्नाला दिलं आणि ऑफिसभर हसत वाचून दाखवलं. आम्ही गावं मोजली, पण एका गावच्या लेकी दुसऱ्या गावी नांदतात हे आमच्या कागदात कुठंच नव्हतं. कुणाचंच माहेर विचारलेलं नाही.

खताचं उदाहरण मीच दिलं होतं. मामांना विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं, की पाणी एकाच पाटानं येत असेल तर खत शेजारच्या ओळीत जाणारच.

आदिनाथ सर आधी मानायला तयार नव्हते. म्हणाले, तुझ्या एका मामीच्या वाटीवर अहवाल बदलता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. म्हणून परत सगळ्या गावांत जायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या, माहेर कुठलं आणि उखाणा कुठला. मामी, मला भीती एवढीच वाटते, की तुमची वस्ती सोडून दुसरीकडे हे काहीच नसेल तर? मग यशोधराला मी उगाच आशा लावली असं होईल. तुम्ही कुणाला आधी काही सांगून ठेवू नका. हाही शब्दच समजा. पण या वेळी कृपा करून कुणाकडे पाठ फिरवू नका.

तुमची
अश्विनी


तळेवस्ती
२ फेब्रुवारी २०२५

चि. अश्विनीस आशीर्वाद.

तुझी रेश्मा येऊन गेली. लग्न मानवलंय तिला, अंगानं भरली आहे. वस्तीवर घरोघर जाऊन म्हणते, "काकू, नाव घ्या ना." बायांना वाटलं ही पाहणीला आलीय की हळदीकुंकवाला. धुणं टाकून, हात पुसून एकेकीनं नाव घेतलं. म्हातारी पारूबाई तर चुलीपुढून उठली. तिचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, कुणी तिला नाव घ्यायला सांगितलंच नव्हतं. तिनं जुनंच घेतलं, महादेवाच्या पिंडीचं. रेश्मानं तेही लिहून घेतलं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. छबूला सुद्धा नाही. तिनं मला तीनदा विचारलं, "वन्सं, काय शिजतंय पुन्याला?" तिन्ही वेळा मला ऐकू आलं नाही.

मामी


पुणे
९ जून २०२५

ती. सौ. मामीस सा. न.

आधी चांगलं सांगते. मार्चपासून लांबलेला निर्णय लागला, केंद्र बंद होत नाही.

ज्या गावांत यशोधराच्या गावांच्या लेकी नांदतात, तिथं मजुरीचा उखाणा आहे, रेघेची वाटी आहे आणि विक्री वाढली आहे. कर्जतकडची काही गावं अशी आहेत की त्यांची सोयरीक सगळी दुसऱ्या अंगाला. तिथं रेश्मानं भरपूर नावं ऐकली, पण सगळी चांदीच्या ताटातली. आणि तिथली विक्री होती तिथंच आहे. पाऊस त्यांच्यावरही पडला होता, बाजार त्यांनाही होता.

सर म्हणतात, हा पक्का पुरावा नव्हे, कारण सोयरिकी काही आपण चिठ्ठ्या टाकून जुळवल्या नाहीत. जी गावं लेकी देतात-घेतात ती आधीपासूनच वेगळी असतील. मलाही ते मान्य आहे आणि अहवालात तसं लिहिलंय. म्हणून जिल्हाभर केंद्रं लगेच निघणार नाहीत. काष्टीचं मात्र आणखी दोन वर्षं चालेल आणि या वेळी चिठ्ठ्या गावांच्या नसतील, सोयरिकीनं जोडलेल्या गावांच्या गटांच्या असतील. तुमची वस्ती त्यातून मोकळी. आता यशोधराला हवं ते विचारा.

अहवाल घेऊन काष्टीला गेले होते. या वेळी गप्प बसले नाही, सगळं माझ्या तोंडानं सांगितलं. तिनं अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, "यात माझं नाव नाही का?" मी म्हटलं, अहवालात कुणाचंच नाव घालत नाहीत, नियम आहे, 'केंद्र' असं लिहिलंय. ती हसली. "असू दे, सवय आहे." मला ते लागलं, मामी. पण नियम खराच आहे.

तुमची
अश्विनी


तळेवस्ती
२७ जानेवारी २०२६

चि. अश्विनीस आशीर्वाद.

या वेळी सुट्टी मिळाली नाही म्हणून तू आली नाहीस. काय बुडालं तुझं ते सांगते.

यंदाच्या हळदीकुंकवाला मी यशोधराला बोलावलं. ती म्हणाली, "मावशी, आमच्यात हे नसतं." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तू कुंकू लावू नकोस. तिळगूळ खा, बस, आणि वाण घे. म्हणाली, बघते. मला वाटलं यायची नाही. घर भरलं, छबू पिंपळदऱ्याहून चार जणींना घेऊन आली, आणि यशोधराची स्कूटी काही दिसेना. मी सारखी दाराकडे बघत होते. एकीला हळद लावायची ती दोनदा लावली.

दिवेलागणीला आली. दारात जरा थांबली. छबूनं सरकून तिला आपल्या शेजारी जागा केली, "ये गं मास्तरीनबाई, बस हितं." पिंपळदऱ्याच्या बाया तिला तशाच हाक मारतात.

मग नावं सुरू झाली. छबूनं मिठाचं घेतलं, बजरंगच्या बायकोनं मजुरीचं. आमच्या वस्तीच्या सुनांनी आपापली भर घातलेली घेतली. एकीनं तर हिशेबाच्या वहीवरच रचलं होतं. यशोधरा ऐकत होती. तिनं फळ्यावर लिहिलेलं एकेक वाक्य कुणाच्या ना कुणाच्या नवऱ्याच्या नावाला बांधून तिच्यापुढून जात होतं. रामहरीराव, बजरंगराव, सगळ्यांची नावं झाली. या रावांनी एक लिंबू तरी पुसलं असेल का?

माझी पाळी आली. तुझे मामा पडवीत बसले होते, त्यांचं नाव ऐकायला कान लावून. मी म्हटलं:

मीठ मापलं, मजुरी धरली, लोणचं गेलं गावोगाव,
रंगनाथराव, रागवू नका, घेते यशोधराचं नाव.

मग छबूच पहिली बोलली, "अवो वन्सं, बाईचं नाव घ्यायचं आसतं व्हय?" मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. पडवीतून तुझे मामा ओरडले, "मी रागावलो न्हाई, घ्या परत!" आणि बायांनी मला ते परत म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी छबू पण म्हणत होती.

यशोधरानं मान खाली घातली होती. वर बघितलं तेव्हा डोळे भरले होते तिचे. माझेही भरले, लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी हिच्याकडे मी पाठ फिरवली होती.

यंदाचं वाण लोणच्याच्या लहान बाटलीचं केलं होतं. तिच्यापुढं धरली तर ती लगेच पर्स उघडायला लागली. "नाही मावशी, फुकटच्या बाटलीला नाही मंजुरी. मीच शिकवलंय."

मी म्हटलं, बाई, हे वाण आहे. वाणाला नको म्हणायचं नसतं.

तिनं पर्स मिटली आणि ओढणीचा पदर पुढं केला.

तुझी मामी
बनुबाई